नसलेलं पान

मी एक जुना चरखा आहे आणि कुरकुरणं हा माझा स्वभावच आहे, तेव्हा मित्रांनो, थोडं सांभाळून घ्या. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या एका बेटावर, कारुस्ते गावच्या प्रार्थनाघराच्या माळ्यावर, मोडक्या बाकांच्या आणि मासळीच्या फुटक्या पिंपांच्या मधे मला ठेवून दिलं आहे. ठेवून दिलं हे मी आपलं मानाने म्हणतो. खरं म्हणजे टाकून दिलं आहे. माझी माळ उंदरांनी कधीच खाल्ली, चाती गंजली, आणि वर समुद्राकडचा ओला वारा फळ्यांतून येऊन माझ्या लाकडात मुरतो. पण मी रडगाणं गायला बसलो नाही. मला तुम्हाला लेनूची गोष्ट सांगायची आहे, कारण ती सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

मला घडवलं लेनूच्या बापाने, प्रीडूने. आमच्या बेटावर नवरा मुलगा आपल्या हाताने चरखा करून होणाऱ्या बायकोला देतो. प्रीडूचे हात मासे पकडण्यात पटाईत, सुतारकामात यथातथाच. शिवाय लग्नाची घाई. बर्चचं लाकूड पुरतं वाळायच्या आधीच त्याने माझ्या चाकाचे आरे बसवले. त्यातला एक पुढे सुकताना वाकला आणि दर फेऱ्याला चौकटीवर आपटायला लागला. टक. पुन्हा फेरा, पुन्हा टक. त्याची बायको मादली पोट धरधरून हसली. म्हणाली, नवऱ्याने चरखा दिला की सुतारपक्षी? प्रीडू कानकोंडा झाला आणि म्हणाला, उद्या बदलून देतो. पण उद्याला रोज काही ना काही निघायचं. मग एका वर्षी तो गावच्या माणसांबरोबर सीलच्या शिकारीला बर्फावर गेला, बर्फ फुटून समुद्रात वाहत गेलं, आणि प्रीडू काही परत आला नाही. त्यानंतर मादलीने त्या वाकड्या आऱ्याला कुणाला बोट लावू दिलं नाही. नवऱ्याचं तेवढंच एक बोलणं घरात उरलं होतं असं ती म्हणायची.

लेनू तेव्हा रांगत होती. घरात एकच पुस्तक होतं, धर्माच्या प्रश्नोत्तरांचं. ते या कार्टीने एकदा हाती लागल्यावर त्यातलं एक पान टरकन फाडलं आणि तोंडात कोंबलं. मादली धावत येईपर्यंत निम्मं गिळून झालं होतं. त्या पानावर नेमकं प्रभूच्या प्रार्थनेतल्या, रोजची भाकर दे या विनंतीचं उत्तर होतं. शेजारची त्रीनूमावशी, जिला दुसऱ्याच्या घरातलं सगळं आधी कळायचं, ती गावभर सांगत सुटली की प्रीडूच्या पोरीने देवाकडे मागायच्या आधीच भाकरी खाऊन टाकली.

आमच्याकडे मुलं वाचायला शिकतात ती आईच्या चरख्याशेजारी बसून. आईचे हात लोकरीत, पाय माझ्या पायफळीवर आणि कान पोराच्या वाचण्याकडे. मादलीची एक पद्धत होती. लेनू बरोबर वाचत असली की ती मला चालवत राहायची आणि चुकली की पाय थांबवायची. तोंडाने एक शब्द नाही. चाक थांबलं म्हणजे चुकलं, चाक चालू म्हणजे पुढे चल. त्या फाटक्या पानाशी आलं की मादली ते उत्तर स्वतः तोंडाने म्हणायची, पोरगी तिच्यामागे म्हणायची, आणि मग दोघी पान उलटून पुढे जायच्या. होता होता पान नाही याचाच दोघींना विसर पडला.

आता खरी गोम सांगतो. लेनूला अक्षर लागत नव्हतं. पोरगी मठ्ठ नव्हती हो. पण कागदावरच्या त्या काळ्या रेघा तिच्या डोळ्यांपुढे ठरतच नसत. कानाने मात्र ती असं धरायची की विचारू नका. माझ्या टक-टकीवर तिने सगळं पुस्तक डोक्यात बसवलं. कुठे टक पडला की कोणता शब्द येतो आणि कुठे पान उलटायचं, सगळं ठरलेलं. बोट ओळीवरून फिरायचं, डोळे बोटावर असायचे, आणि शब्द यायचे माझ्यातून. मादलीला हे कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. पण पोरीचं म्हणणं ऐकून तिचे डोळे भरून यायचे, आणि भरल्या डोळ्यांनी कोण कशाला खोलात शिरतं.

कारण लेनू नुसतं पाठ म्हणत नव्हती, ती बोलायची. लोकर विंचरताना, मेंढीला पाला घालताना ती त्याच पुस्तकातले शब्द कोणाशी तरी बोलल्यासारखी म्हणायची, मधेच थांबायची, जणू पलीकडून काही आलं, आणि मान डोलावून पुढे चालू लागायची. रोजच्या भाकरीशी आली की हात टेबलावर पालथा ठेवायची. रविवारी दुपारी मायलेकी प्रार्थनाघरात जायच्या. तिथे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नसे. गावचीच माणसं गायची, रडायची, आपल्या मनाचं सांगायची. चर्चमधलं सगळं जर्मन पाळकाच्या हातात आणि इथलं सगळं आमचं, असं लोक म्हणायचे. मला तेव्हा कोणी प्रार्थनाघरात नेलं नाही, पण परतल्यावर लेनूचा चेहरा मी पाहिला आहे.

मग मादलीला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा, आणि रुमालात रक्त दिसायला लागल्यावर तिने सूत कातणं कमी केलं. तिची एकच इच्छा राहिली होती. एकदा, फक्त एकदा, प्रभूच्या मेजापाशी, जिथे प्रभुभोजनाची भाकरी मिळते तिथे, आपल्या लेकीच्या खांद्याला खांदा लावून गुडघे टेकायचे. पण त्यासाठी लेनूचं दृढीकरण, म्हणजे तरुण झालेल्या मुलांना मंडळीत पक्कं सामील करून घेण्याचा विधी, व्हायला हवं होतं. आणि ज्याला वाचता येतं आणि वाचलेलं समजतं, त्याचंच दृढीकरण होतं. ते नाही तर प्रभुभोजन नाही, लग्नसुद्धा नाही. शेजारचा हिंद्रेक अधूनमधून सरपण फोडून द्यायच्या निमित्ताने घुटमळायचा, तेव्हा त्रीनूमावशी त्याला टोमणा मारायची की बाबा, आधी पोरीला पाळकसाहेबांच्या परीक्षेत पास होऊ दे, मग मागणी घाल.

दर हिवाळ्यात पाळकसाहेब घोड्याच्या घसरगाडीतून गावोगाव यायचे आणि एका घरी सगळ्यांना बोलावून वाचनाची परीक्षा घ्यायचे. त्या वर्षी मादलीला बाहेर पडवत नाही म्हणून आमचंच घर ठरलं. पाळकसाहेब हेसलर म्हणजे उंच, वाकलेला, सतत सर्दी झालेला माणूस. आमची भाषा ते इतकी शुद्ध बोलायचे की लोकांना हसू यायचं. त्यांना आमच्या बेटावर कोणी दुष्ट म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही.

त्या दिवशी घर माणसांनी गच्च भरलं होतं. मादली शेकायच्या भट्टीजवळ मला घेऊन बसली होती, कारण रिकाम्या हातांनी बसणं तिला जमत नसे. त्रीनूमावशी दहा आज्ञांमधल्या सातव्या आज्ञेत अडकली आणि चोरी या शब्दाशीच तिला खोकल्याची उबळ आली, तेव्हा सगळे खुसुखुसु हसले. मग लेनूची पाळी आली. प्रकाश कमी म्हणून ती खिडकीशी उभी राहिली आणि पाळकसाहेब तिच्या मागे उभे राहून पुस्तकात बघू लागले. मादलीचा पाय फळीवर पडला. टक. लेनू वाचू लागली.

मित्रांनो, मी आयुष्यात खूप वाचन ऐकलं, पण तसं नाही ऐकलं. माणसं हलायची थांबली. पाळकसाहेबांनी नाक पुसायचं सोडून दिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, जसा कोणाचा दमलेल्या दिवशी चांगली बातमी ऐकून उजळतो. एक विनंती झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. रोजच्या भाकरीचा प्रश्न आला. लेनूने पान उलटलं आणि उत्तर वाचू लागली. त्यात अन्न आलं, वस्त्र आलं, घर, गुरं, चांगला शेजार, सगळं आलं. खोलीतली सगळी माणसं मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणत होती. कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण पुस्तकात बघणारा माणूस त्या खोलीत एकच होता.

"थांब," पाळकसाहेब म्हणाले. "हे कुठे लिहिलं आहे?"

लेनूने बोट दाखवलं. बोटाखाली भलतंच काही होतं.

"इथलं पान नाही. तू काय वाचते आहेस?"

"ते पान तिने खाल्लं, पाळकसाहेब," त्रीनूमावशी बोलून गेली. "लहानपणी." कोणीतरी मागे फिसकन हसलं आणि गप्प झालं.

पाळकसाहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी आपल्या पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं, ते आमच्या घरात कधी आलेलं नव्हतं, आणि उघडून लेनूच्या हातात दिलं. ती बघत राहिली. तिचे ओठ हलले पण आवाज निघेना. मादलीचा पाय आपोआप फळीवर आला. टक, टक. जणू मी धक्का दिला की पोरगी चालू लागेल. मी जीव तोडून फिरत होतो हो. पण जे माझ्यात कधी कातलंच गेलं नव्हतं, ते मी कुठून देणार?

"मादलीबाई, ते चाक थांबवा," पाळकसाहेब हळूच म्हणाले. मी अर्ध्या फेऱ्यात थांबलो.

मग ते लेनूपुढे बाकावर बसले. म्हणाले, वाचणं राहू दे. जे आत्ता म्हणालीस त्याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग. भाकरी तर देव वाईट माणसालाही देतो, न मागता देतो. मग मागायची कशाला?  लेनूचे कान लाल झाले होते.

"मागितलं की तो ऐकतो," ती म्हणाली.

"कशावरून?"

"ऐकतो ते कळतं."

"कसं कळतं?"

 तिने टेबलावर हात पालथा ठेवला आणि तशीच उभी राहिली. ते उत्तर होतं, मित्रांनो. पण ते फक्त मला आणि मादलीला समजत होतं, आणि आम्हा दोघांना तिथे कोणी विचारणारं नव्हतं.

माणसं गेल्यावर मादलीने पाळकसाहेबांचे पाय धरले. तिने हातचं काही राखलं नाही. खोकला सांगितला, रक्त सांगितलं, इच्छा सांगितली.  मग पाळकसाहेबांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. इथे येण्याआधी ते मुख्य भूमीवरच्या एका गावात होते. तिथल्या प्रार्थनाघरात कोणी एक माणूस उभा राहिला आणि रडत म्हणाला की प्रभू वसंतात येतोय, गुरं मारा, बियाणं खाऊन टाका. लोकांनी रडत त्याचं ऐकलं. सगळे मनापासून विश्वास ठेवणारे. आणि वसंतात प्रभू आला नाही.

"मी तिथे मुलं पुरली आहेत, मादलीबाई," ते म्हणाले. "भुकेने मेलेली. त्यांच्या आईबापांना सगळं तोंडपाठ होतं. एकालाही अर्थ विचारायची सवय नव्हती. मी तेव्हा शपथ घेतली की माझ्या हातून पोपटपंचीवर कोणाचं दृढीकरण होणार नाही."

मादलीने पाय सोडले. पाळकसाहेब जाताना लेनूला म्हणाले की आठवड्यातून दोनदा माझ्या घरी ये, मी स्वतः शिकवीन. आणि त्यांनी शब्द पाळला. गुडघाभर बर्फातून लेनू जायची, काळोख पडायच्या आत परतायची, आणि आल्यावर आईला सांगायची की आज कोणतं अक्षर जागच्या जागी उभं राहिलं. पाळकसाहेब तिला गवताची काडी एकेका अक्षराखाली धरायला लावायचे, तिच्यावर एकदाही ओरडले नाहीत. पण अक्षरं हळू येत होती आणि खोकला भराभर वाढत होता. माझा जीव टांगणीला लागला होता. मादली अंथरुणावरून हात लांब करून माझं चाक उगाचच फिरवायची, तेवढाच टक ऐकायला.

बर्फ वितळू लागलं तेव्हा मादली गेली. त्याच्या आदल्या दिवशी पाळकसाहेब तिला प्रभुभोजन द्यायला आले. लेनू भट्टीला पाठ टेकून उभी होती, कारण नियमाने तिला पुढे यायची मुभा नव्हती. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा मादलीच्या ओठांशी नेला. मादलीने तोंड मिटलं.

"अर्धा तिला द्या," ती म्हणाली. आवाज कुजबुजीएवढाच.

पाळकसाहेबांचा हात हवेतच थांबला. 

"मला अधिकार नाही, मादलीबाई. हा तुकडा माझा असता तर दिला असता."

मादलीने लेनूकडे पाहिलं. लेनूने मान हलवली, खा म्हणून. मग मादलीने तो तुकडा घेतला आणि लेकीकडे बघत बघत गिळला. त्या खोलीत चार जण होतो असं मी धरतो, मला धरून. चौघांपैकी एकाच्याही हातात काही नव्हतं.

पुढच्या वर्षी लेनूचं दृढीकरण झालं. मधल्या काळात हिंद्रेकने एक चांगलं काम केलं, निदान त्याला तसं वाटलं. लेनू पाळकाच्या घरी गेलेली असताना तो मला उचलून आपल्या पडवीत घेऊन गेला, वाकडा आरा काढला, नवा, वाळलेला, सरळ बसवला, सगळ्या सांध्यांना चरबी चोळली आणि मला परत आणून ठेवलं. दृढीकरणाची भेट म्हणून. लेनूने पाय टाकला आणि मी फिरलो. लोण्यावरून सुरी फिरावी तसा. कुठे आवाज नाही. त्रीनूमावशीने तोंडात बोट घातलं, हिंद्रेकची वाहवा झाली, आणि माझीही झाली, आयुष्यात पहिल्यांदा. लेनू हसली आणि त्याला बरं वाटावं म्हणून छान झालंय म्हणाली. मग तिने जुना आरा कुठेय ते विचारलं. तो चुलीत गेला होता. हिंद्रेकला बिचाऱ्याला काय ठाऊक?

परीक्षेत तिने पाळकसाहेबांच्या पुस्तकातून कुठलंही पान वाचून दाखवलं. रोजची भाकर का मागायची तेही सांगितलं, स्वतःच्या शब्दांत. न मागता मिळतं ते माणूस आपलंच समजू लागतो, मागितल्याने देणाऱ्याची आठवण राहते, असं काहीसं ती म्हणाली. पाळकसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांचं नाक भर सभेत गळू लागलं. रविवारी ती मेजापाशी गेली, गुडघे टेकले, शेजारची जागा रिकामी ठेवली. तिला प्रत्येक शब्द समजत होता. घरी येऊन ती माझ्यासमोर बसली, चाक फिरवलं आणि पूर्वीसारखं म्हणू लागली. भाकरीपाशी आली, हात टेबलावर पालथा ठेवला आणि थांबली. पलीकडून काही येतंय का ते ऐकत राहिली. चाक मुकाट फिरत होतं.

तिने पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. मित्रांनो, त्या वेळी मी माझं सगळं गुळगुळीत नवेपण कोणीही घेऊन जा म्हटलं असतं. एक टक, एकच टक मला काढता आला असता तर! पण चरखा स्वतःहून आवाज काढत नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पाळकसाहेब फेरीवर आले तेव्हा परीक्षा आटोपल्यावर लेनूने त्यांना थांबवून घेतलं. पाळकसाहेब बरेच थकले होते. तिने आधी त्यांचे आभार मानले, मनापासून. मग विचारलं.

"पाळकसाहेब, आता तुम्ही काहीही विचारा, मी सांगेन. पण पूर्वी मी म्हणायचे ना, तेव्हा पलीकडे कोणीतरी असायचं. आता मी म्हणते आणि मला नुसता अर्थ ऐकू येतो. माझं काय चुकलं?"

पाळकसाहेब बाकावर टेकले.

"तुमच्या पलीकडे असतं का कोणी?"

हे तिने टोचून नव्हतं विचारलं. वाट चुकलेला माणूस रस्त्यात भेटलेल्याला विचारतो तसं विचारलं होतं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लहानपणी असायचं," ते म्हणाले. "माझी आई जेवणाआधी म्हणायची, तेव्हा. मग मी शिकायला गेलो. मला वाटलं, जितकं समजेल तितका मी त्याच्या जवळ जाईन. चुकीचं नाही ते, मुली. ते चुकीचं नाही." त्यांनी नाक पुसलं. "मी वाचत राहतो. कधीतरी वाचता वाचता... म्हणून वाचत राहतो. याहून जास्त मला सांगता येणार नाही."

लेनू उठली. तिने फडताळातून काळी भाकरी काढली, खारवलेले मासे काढले, आणि त्यांच्यापुढे ठेवले. भाकरी दोघांत वाटून घेतली. जेवणाआधी दोघांनी रोजच्या भाकरीची विनंती म्हटली, एकाने स्वच्छ जर्मन वळणाने, एकीने आमच्या बेटाच्या बोलीत, आणि मग दोघं जेवली. घसरगाडीचा घोडा बाहेर फुरफुरत होता.

तुम्ही म्हणाल, मग शिकून तोटाच झाला. नाही, तसं मी म्हणणार नाही, मी कुरकुऱ्या असलो तरी खोटारडा नाही. काही वर्षांनी आमच्याही बेटावर तसाच एक रडणारा माणूस आला आणि गुरं मारा म्हणू लागला. प्रार्थनाघरातली अर्धी माणसं डोळे पुसत सुऱ्या शोधायला निघाली होती. लेनू पुस्तक घेऊन उभी राहिली आणि त्याला विचारू लागली, हे कुठे लिहिलंय, कशावरून, कसं कळतं. अगदी पाळकसाहेबांसारखं. त्याला उत्तर देता आलं नाही. कारुस्तेची गुरं वाचली, पोरं जगली. पाळकसाहेब तोवर वारले होते, नाहीतर मी म्हटलं असतं की त्यांना हे बघायला मिळायला हवं होतं.

लेनूने हिंद्रेकशी लग्न केलं, संसार चांगला केला. आपल्या पोरांना तिने माझ्याशेजारी बसवून वाचायला शिकवलं, गवताची काडी धरून, प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून. त्यांच्यातलं एकही अडलं नाही. पण पोरं खेळायला बाहेर गेली की ती कधीकधी लोकर न लावता मला रिकामंच फिरवायची आणि ऐकत बसायची. म्हातारपणी तिने एकदा हिंद्रेकला सगळं सांगितलं. तो बिचारा इतका हळहळला की दुसऱ्याच दिवशी त्याने माझा एक आरा मुद्दाम वाकवून बसवला. मी फिरलो. आवाज आला, पण तो ठक होता, ठोकल्यासारखा. लेनूने हिंद्रेकच्या हातावरून हात फिरवला आणि सरळ आरा परत बसवायला सांगितलं. त्यात कोणाचंच चुकलं नव्हतं. मला अजूनही कळत नाही की मग इतकं हरवलं कसं.

ती गेली, हिंद्रेक गेला, घर पडलं, आणि मी या माळ्यावर आलो. खाली आता कोणी गात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अर्थ न कळता काही म्हणत असेल तर त्याला अर्थ जरूर शिकवा. पण शिकवताना त्याचं चाक थांबवू नका. आणि एखादं माणूस सगळं समजूनही कोरडं बसलं असेल तर त्याला हसू नका. त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि भाकरी वाटून खा. आम्हा वस्तूंना एवढंच कळतं, आणि तेही धड सांगता येत नाही.

एक सांगायचं राहिलं. या माळ्यावरच्या ओलीने हिंद्रेकचा तो सरळ आरा फुगला आणि सुकला, फुगला आणि सुकला, आणि हळूहळू वाकला आहे. कोणी मुद्दाम वाकवलेला नाही, आपणहून. परवा वादळात एक फळी निसटून माझ्या चाकावर पडली, चाक जेमतेम एक फेरा फिरलं, आणि चौकटीपाशी आवाज आला. टक. अगदी प्रीडूच्या वेळचा. लेनू ऐकायला नाही. पण वर येणारी शिडी अजून धड आहे. कोणीतरी या, आणि हे चाक एकदा फिरवा.